पितळेची तिसरी पिन

लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल वाचकांनी आधीच क्षमा करावी. माझे सारे आयुष्य इतरांनी लिहिलेली पुस्तके सांभाळण्यात गेले. भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी नोकरी केली. पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवले, फाटलेली पाने जोडली, परत न आलेल्या पुस्तकांसाठी आठवणीची पत्रे पाठवली. आपले स्वतःचे एखादे पान कोणाच्या हाती जावे, असे कधी मनात आले नाही. आता साठीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा लिहायला बसले आहे, आणि तेही एका विजेच्या प्लगविषयी. हा विषय साहित्यात बसतो की नाही, याचा निर्णय करण्याची माझी पात्रता नाही. पण जे घडले ते आजवर मी एकाच माणसाला पूर्णपणे सांगितले, आणि त्यालाही उशिरा सांगितले. तो माणूस म्हणजे माझे वडील. ते आता नाहीत.

बाबा चिखल्याच्या मँगनीज खाणीत इलेक्ट्रिशियन होते. कामगारांच्या वसाहतीत त्यांना सगळे बिजली मिस्त्री म्हणत. माझे बालपण त्या वसाहतीत गेले, आणि त्या बालपणातले बाबांचे जे पहिले चित्र मला आठवते, त्यात त्यांच्या शर्टाचा डावा खिसा फुगलेला असतो. त्या खिशात चिनीमातीचा पांढरा फ्यूज असे. कोणत्याही तारेला हात लावण्याआधी ते मुख्य बोर्डातला फ्यूज उपसून काढत, खिशात टाकत आणि खिशाचे बटण लावत. खाणीत काम एका ठिकाणी चालते आणि विजेचे बटण दूर दुसऱ्याच ठिकाणी असते; कोणी अजाणता ते दाबले तर अंधारात वाकलेल्या माणसाला कळणारही नाही. म्हणून ही रीत. “फ्यूज माह्या खिशात आहे ना, मंग कोणी बटन दाबो का नाचो,” असे ते म्हणत. घरात साधा बल्ब बदलतानाही त्यांनी ही रीत सोडली नाही. आईने कितीदा तरी तो फ्यूज शर्टासकट साबणाच्या पाण्यात भिजवला होता, आणि तो सुकेपर्यंत भर दुपारी आम्ही पंख्याविना बसलो होतो. आई तेव्हा शेजारणीला सांगे की इतरांचे नवरे खिशात तंबाखू विसरतात, माझा नवरा घराचा उजेड विसरतो.

निवृत्तीनंतर बाबांनी आंधळगावात, आमच्या मूळ गावी, घर बांधले. भिंती गवंड्याने उभ्या केल्या, पण अर्थिंगचा खड्डा त्यांनी स्वतः खणला. घराच्या मागच्या बाजूला, पुरुषभर खोल. त्यात नळ उभा केला, भोवती मीठ आणि कोळसा यांचे थर दिले, वर विटांची चौकट केली आणि पाणी ओतण्यासाठी नळाच्या तोंडाशी नरसाळे बसवले. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की एखाद्या यंत्राच्या लोखंडी अंगात वीज उतरली, तर तिला माणसाच्या शरीराहून सोपी वाट जमिनीत मिळावी, यासाठी हा खड्डा असतो. जमीन कोरडी झाली की ती वाट बिकट होते. म्हणून उन्हाळ्यात दर शनिवारी बाबा त्या नरसाळ्यात बादलीभर पाणी घालत. आई गेली, मी रोज एसटीने भंडाऱ्याला जाऊ-येऊ लागले, काचबिंदूने बाबांची नजर आक्रसत गेली. शनिवारचे पाणी मात्र चुकले नाही.

नजर गेली तरी त्यांच्या बोटांना सारे दिसत असे. गावात उन्हाळा लागला की लोखंडी कूलर बाहेर निघतात. पाणी आणि वीज एकाच डब्यात. त्याची भीती आमच्याकडे सर्वांना आहे. कूलर सुरू करण्यापूर्वी अर्धी आळी बाबांना बोलावी. ते आपला टेस्ट लॅम्प घेऊन जात. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरमध्ये बसवलेला एक बल्ब आणि त्याला दोन तारा, एवढेच. एक तार बोर्डाच्या जिवंत, म्हणजे वीज असलेल्या छिद्रात, दुसरी अर्थिंगच्या छिद्रात. बल्ब झळझळीत पेटला तर अर्थिंग चांगली. मंद, लालसर पेटला तर जमिनीची वाट बंद होत चाललेली. बाबांना आता तो फरक दिसत नसे. मी घरी असले तर सोबत जाई, आणि ते मला विचारत, “पांढरा का लाल?” मी सांगेन तो निकाल. माझ्या शब्दावर लोक कूलर लावत आणि त्याच्यासमोर लेकरे निजवत. त्या जबाबदारीचा मी तेव्हा फारसा विचार केला नव्हता.

मी निवृत्त झाले तेव्हा स्वतःसाठी एक वस्तू घेतली. मला ख्याल ऐकण्याची ओढ फार उशिरा लागली. त्यातले मला काही कळते असा माझा दावा नाही. मात्र तंबोऱ्याच्या नादावर गायकाचा पहिला स्वर टेकतो, त्या क्षणी मला बरे वाटते. इतकी वर्षे मी ते कानांत इअरफोनची बोंडे घालून, संगणकावरून ऐकत आले होते. भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या दुकानांमागच्या बोळात एक कारागीर ॲम्प्लिफायर जुळवून देतो. त्याच्याकडून काळ्या लोखंडी पेटीतला एक ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर मी घेतले, आणि एसटीत पेटी मांडीवर धरून घरी आले.

ते यंत्र बसवताना बाबा जितके आनंदात होते, तितके आई गेल्यानंतर मी त्यांना पाहिले नव्हते. दोन दिवस त्यांनी त्यात घालवले. फ्यूज खिशात गेला, बटण लागले. पेटी जमिनीवर नको, सागवानी स्टुलावर हवी. भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे मागच्या जाळीतून गरम हवा निघेल. कूलरच्या खिडकीपासून दूर, शिंतोडा उडता कामा नये. स्पीकरच्या तारांचे पीळ त्यांनी बोटांनी चाचपून घट्ट केले, एकाही केसाएवढ्या तारेने शेजारच्या तारेला शिवू नये म्हणून. शेवटी त्यांनी प्लग हातात घेतला आणि तिन्ही पिनांवरून अंगठा फिरवला. सर्वांत जाड आणि लांब पिन अर्थिंगची. तिच्यावर अंगठा ठेवून ते मला म्हणाले, “हे पिन आधी आत जाते अन् सगळ्यात शेवटी निघते. कायले? माणसाच्या आधी जमिनीले कळलं पाहिजे.”

यंत्र सुरू झाले आणि त्यातून गाण्याआधी घुमारा ऐकू आला. जड, एकसुरी, न थांबणारा. संगणक शेजारच्या खोलीत होता, त्याची गाण्याची तार दारातून ओढून पेटीला जोडली होती. ती जोडली की घुमारा सुरू. नेमका तो तंबोऱ्याच्या खालच्या तारेवर येऊन बसे आणि सारा नाद गढूळ करून टाकी. बाबांनी थोडा वेळ ऐकले आणि विचारले, हे मशीन आहे की तंबोराच आहे. मग गायकाने आलाप सुरू केला, तेव्हा त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारले, “याचं पोट दुखून राहिलं का, माय?” मी हसले. घुमाऱ्याचे म्हणाल तर तो तारांच्या मांडणीतला दोष आहे, चार दिवस दे, मी शोधतो, असे ते म्हणाले.

ते चार दिवस मी दिले नाहीत. बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी मध्येच नागपूरला जावे लागले, मग ऊन वाढले, मग ते थकले होते. मी त्या कारागिराला फोन केला. त्याने हसत सांगितले की त्यात काही विशेष नाही. अर्थिंगची पिन काढून टाका, आवाज स्वच्छ येईल, सगळेच काढतात. एका दुपारी बाबा विहारात बैठकीला गेलेले असताना मी त्यांची हत्यारपेटी उघडली, त्यातली लोखंड कापण्याची करवत घेतली आणि प्लग पायाखाली धरून ती जाड पिन कापली. पितळ मऊ असते असे ऐकले होते; मला फार वेळ लागला. खाली पडलेली पिवळी भुकटी ओल्या फडक्याने टिपली. करवत होती त्याच जागी ठेवली. कापलेली पिन का कोण जाणे टाकवेना. ग्रंथालयातून आणलेल्या माझ्या जुन्या कंपासपेटीत ती ठेवली.

घुमारा बंद झाला. तंबोरा निर्मळ ऐकू येऊ लागला. बाबा परत आले, दारातच थांबले आणि आवाज कसा गेला म्हणून विचारले. मी सांगितले की तारा जरा इकडच्या तिकडे केल्या. त्यांना इतका आनंद झाला की मला खाली बघावे लागले. ते म्हणाले की इतकी वर्षे पुस्तकांत डोके घालून बसलेली पोर शेवटी बापाचे काम शिकली. त्या संध्याकाळी शेजारच्या आजींनाही त्यांनी हे सांगितले.

पुढचा महिना मी सुखाने गाणे ऐकले, हेही लिहिले पाहिजे.

वैशाखातला एक शनिवार. बाबा मागे जाऊन अर्थिंगला पाणी घालून आले. हात ओले, पाय ओले. मी फरशी पुसत होते, म्हणून संगणकाची तार पेटीपासून काढून गुंडाळून ठेवली होती. त्या पेटीत रेडिओही होता आणि दुपारच्या बातम्यांची वेळ झाली होती. बाबांनी नेहमीप्रमाणे बटण चालू केले आणि आवाजाची खुंटी शोधण्यासाठी डावा हात पेटीच्या अंगावर ठेवला. मला ओरडणे ऐकू आले नाही. स्टूल सरकल्याचा आवाज तेवढा आला. वळून पाहिले तर ते भिंतीशी बसलेले होते, हात छातीशी आवळलेला, ओठ पांढरे. मी आधी मेन स्विच पाडला. लहानपणापासून कानी पडलेले तेवढे एकच त्या वेळी आठवले. मग त्यांच्याजवळ गेले.

गावातले डॉक्टर येऊन गेले. नाडी ठीक होती. दोन बोटांच्या टोकांना डाग पडले होते. डॉक्टर गेल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो फ्यूज उडाला का, हा. मी बोर्ड उघडून पाहिला. फ्यूज शाबूत होता. वीज पेटीच्या अंगात आली होती, जमिनीची वाट मोकळी असती तर ती तिकडे धावली असती आणि फ्यूज तत्काळ उडाला असता, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

“मंग अर्थिंग मेली,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “माह्या हातची अर्थिंग.”

त्याच क्षणी मी सांगायला हवे होते. मी का सांगितले नाही, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. ते आजारी होते, हे एक कारण मी स्वतःला दिले. मला लाज वाटत होती, हे खरे कारण. मी प्लग काढला, वायर गुंडाळून स्टुलामागे ढकलली, पेटीवर चादर टाकली आणि आता हे यंत्रच नको असे म्हटले. बाबांनी ते पुन्हा हाताळले नाही. पहिल्या दिवशी तिन्ही पिनांवरून त्यांचा अंगठा फिरला होता. तिथे दोष असेल अशी शंका यायला त्यांना काही कारणच नव्हते. त्यांच्या घरात अर्थिंगची पिन कोणी कापील, ही गोष्ट त्यांच्या कल्पनेबाहेरची होती.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज पाणी घालू लागले. मग सकाळ-संध्याकाळ. मीठ मागवून नरसाळ्यातून आत सोडू लागले. विहिरीवरून मागच्या अंगणापर्यंत एका हाताने भिंत चाचपत, दुसऱ्या हातात बादली घेऊन ते जात. मी बादली घ्यायला गेले की देत नसत. शेजारच्या आजी कुंपणावरून म्हणाल्या, “काहो बाबाजी, नळ पेरला का? उगवून राहिला का काही?” बाबा हसले नाहीत. मी खिडकीत उभी राहून पाहत असे. ज्या यंत्राचा त्यांना धक्का बसला होता ते त्या खड्ड्याशी जोडलेलेच नव्हते, आणि हे त्या घरात फक्त मला ठाऊक होते.

आठवड्याभराने त्याच आजी त्यांचा कूलर बघायला बोलवायला आल्या. मुलगी बाळंतपणाला आली होती, खोलीत तान्हे मूल होते. बाबा म्हणाले की मोहाडीहून कोणी वायरमन बोलवा. आजींना वाटले ते थट्टेवर रागावले. त्यांनी दोनदा विनवले. तेव्हा बाबा म्हणाले, “तसं नाई व. माह्या हातचं काम आता भरवशाचं नाई. घरातलीच अर्थिंग मरून राहिली अन् मले कळलं नाई.” आजी माझ्याकडे पाहू लागल्या. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले. खाणीत उभी हयात ज्यांच्या हातावर इतरांनी जीव सोपवले, ते बाबा आता आपल्या हातांना घाबरत होते, आणि त्या हातांवरचा भरवसा मी तोडला होता.

आमच्याकडे संध्याकाळी वंदना होते. बाबा आणि मी, दोघेच. त्रिशरण, मग पंचशील. चौथे शील खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे आहे. ते शब्द मी लहानपणापासून म्हणत आले आहे. त्या दिवसांत मात्र तिथे आले की माझा आवाज बारीक होई. बाबा पुढे म्हणत राहत.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी टेस्ट लॅम्प काढायला सांगितला. इतके पाणी, इतके मीठ घातल्यावर जमीन काही ऐकते का, ते त्यांना पाहायचे होते. पुढच्या खोलीतल्या त्याच बोर्डात त्यांनी स्वतः तारा धरल्या. बल्ब लख्ख पेटला.

“पांढरा का लाल?”

“पांढरा,” मी म्हटले.

त्यांनी तारा काढल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. ते हसले. तसे हसणे पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर पाहायला लागू नये. “माहं मन राखून राहिली तू,” ते म्हणाले. पांढरा असता तर मला करंट लागलाच नसता, असे म्हणून त्यांनी तारा गुंडाळायला सुरुवात केली. त्या सबंध काळात मी बोललेले ते एकमेव खरे वाक्य होते, आणि त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. जुना खड्डा उकरून नवा करायचा असे त्यांनी त्याच दिवशी ठरवले. खणणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगितले, कोळशाची टोपली आणवली, आणि दुपारी ओट्यावर बसून ते कोळसे हातांनी निवडू लागले. सारखे तुकडे एका बाजूला, मोठे दुसऱ्या बाजूला. बोटांवरचे डाग अजून गेले नव्हते.

मी कंपासपेटी घेऊन त्यांच्याजवळ बसले. पिन काढली आणि त्यांच्या काळ्या झालेल्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती दोन बोटांत फिरवली. एक टोक गुळगुळीत, दुसरे खरबरीत. अंगठा त्या खरबरीत टोकावर थांबला.

“हे कोठची?”

“गाण्याच्या मशीनची, बाबा. म्या कापली. घुमारा बंद झाला त्या दिवशी.”

त्यांनी काही विचारण्याआधीच मी सारे सांगून टाकले. कारागिराचा फोन, विहारातली बैठक, भुकटी, सारे. त्यांनी एकच विचारले, कोणत्या करवतीने. मी म्हटले, तुमच्या.

“म्हणून त पात्याचे दोन दात तुटले. मले वाटलं माह्याच हातून तुटले.” मग कोळशाचा एक तुकडा उचलून त्यांनी मोठ्या तुकड्यांत टाकला. “चौथ्या शीलापाशी तुहा आवाज उतरे. म्या म्हटलं पोरीले दम लागून राहिला. दवाखान्यात न्यायचं मनात होतं.”

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही, मला सांगता येत नाही. ते उठले, हात धुतले, आणि आत जाताना भिंत धरून थांबले.

“करंट लागला त्याचं काही नाई, माय. मी तीन आठवडे चांगल्या जमिनीले मेली म्हणून पाणी घालून राहिलो, अन् तू पाहत होती.”

त्या संध्याकाळी वंदना झाली. सकाळी खणणारा आला त्याला बाबांनीच चहा पाजून परत पाठवले. मग मला हाक मारली. बोर्डातला फ्यूज त्यांनी उपसला, पण या वेळी खिशात टाकला नाही; माझ्यापुढे धरला. मी म्हटले, मला खिसा नाही. ते म्हणाले, मुठीत धर. डाव्या मुठीत तो चिनीमातीचा तुकडा धरून मी उजव्या हाताने, ते सांगतील तसे, सर्व काम केले. पेटीचे झाकण उघडले. आत बोट फिरवून त्यांनी दोष शोधला: वायर जिथून पेटीत शिरते त्या छिद्राच्या धारेवर घासून तिचे आवरण कापले गेले होते. कारागिराने तिथे साधे रबरी कडेही घातले नव्हते. वायर बदलली, कडे घातले. मग नवा प्लग. लाल आणि काळी तार कापून घेतल्यावर मी हिरवीही तेवढीच कापू लागले, तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले.

“हिरवी बोटभर लांब ठेव. कोणी वायर ओढली त बाकीच्या दोन्ही आधी सुटल्या पाहिजे. हिरवी सगळ्यात शेवटी.”

घुमाऱ्याचे कारणही त्यांनी त्याच दिवशी सांगितले. शेजारची खोली नंतर बांधलेली. तिच्या ठेकेदाराने तिथे आपला वेगळा नळ पुरून वेगळी अर्थिंग केली होती. संगणक एका अर्थिंगवर, पेटी दुसरीवर, आणि गाण्याची तार दोघींना जोडणारी. तिच्यातून तो घुमारा वाहत होता. “गाणं ऐकताना तेच बारीक तार तुले वाचवून राहिली होती,” ते म्हणाले. “निघाली त मी सापडलो.” संगणक पुढच्या खोलीत आणून दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घेतली आणि घुमारा गेला. कापण्याची गरज कधी नव्हतीच. चार दिवस थांबण्याची होती. पुढच्या आठवड्यात परवानाधारक वायरमन बोलावून दोन्ही खोल्यांची अर्थिंग बाबांच्या खड्ड्याला जोडून घेतली, आणि वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विचही बसवला. तो स्विच बाबांनी कुतूहलाने दहादा पाडून पाहिला.

मग ते शेजारी गेले, कूलर तपासायला. मी सोबत होते. त्यांचे हात पूर्वीसारखे चालले. न थांबता, न अडखळता. आपल्या हाताचा भरवसा त्यांना परत मिळाला होता, आणि ते पाहून मला जे वाटले ते लिहिण्याचा मी प्रयत्न करत नाही. बल्ब पेटला. त्यांनी मला विचारले, मी सांगितले, पांढरा. त्यांनी मान हलवली. आणि मग चेहरा शेजारच्या आजींकडे वळवून अगदी साध्या आवाजात विचारले, “तू सांग व, पांढरा का लाल?”

त्यानंतर प्रत्येक वेळी तसेच झाले. ते मला कधी टोचून बोलले नाहीत, गाणे ऐकायला माझ्याजवळ बसत, गायकाच्या पोटदुखीची चौकशी करत. पण बल्ब पेटला की आधी मला विचारत आणि नंतर आणखी कोणाला तरी. त्यात राग नव्हता. ज्या ठिकाणी एकदा वाट तुटली होती तिथे ते दुहेरी तपासणी करत होते. खाणीत त्यांनी तेच केले असते. गेल्या थंडीत ते गेले, तोवर ही रीत त्यांनी मोडली नाही, आणि मीही ती मोडावी असे कधी म्हटले नाही.

आता उन्हाळ्यात शनिवारचे पाणी मी घालते. आळीतले लोक कूलर काढले की मला बोलावतात. मी शिवून घेतलेल्या कुर्त्याला डावा खिसा आहे. बल्ब पेटला की तो मला स्वच्छ दिसतो, तरीही त्या घरातल्या कोणाला तरी मी विचारते, पांढरा की लाल. ऐकणाऱ्यांना वाटते बाईंची नजर कमी झाली. कापलेली पिन अजून कंपासपेटीत आहे, आणि ती पाहिली की, ज्यांनी इथपर्यंत वाचले त्यांना एवढेच विचारावेसे वाटते:

तुमच्या घरातल्या प्लगची तिसरी पिन जागेवर आहे का?